बंद काचेआडचा जीव

त्या वर्षी रमजान मार्चमध्ये आला होता. २०२५ सालची गोष्ट. तिसरा जुम्मा होता. घरातले पुरुष नमाजला गेले होते, मुलं शाळेत होती आणि आम्ही दोघी जावा जोगेश्वरीहून रिक्षा करून अंधेरीला ईदच्या खरेदीला आलो होतो. मार्चमध्ये आपल्याकडे कधी कधी पूर्वेकडून गरम वारा सुटतो, दुपार उलटली तरी समुद्राचा वारा येत नाही, आणि मेमध्येही होत नाही अशी काहिली होते. तसाच तो दिवस होता. रोजा, ऊन आणि हातात पिशव्या. जे. पी. रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत आम्ही सावली शोधत चाललो होतो, तेव्हा एका उभ्या गाडीतून नखांनी काच खरवडल्याचा आवाज आला.

आत कुत्रा होता. मोठा, सोनेरी, लांब केसांचा. मागच्या सीटवर उभा राहून तो काचेला पंजे मारत होता. जीभ पूर्ण बाहेर आलेली, आणि लाळ इतकी की काचेवरून ओघळ उतरले होते. पुढच्या दोन्ही काचा बोटभर खाली केलेल्या होत्या. सीटखाली पाण्याचं स्टीलचं भांडं उपडं पडलं होतं. समोरच्या इमारतीच्या वॉचमनला विचारलं, तर तो म्हणाला, "ड्रायव्हर नमाजला गेलाय. येईल आत्ता."

नमाजला गेलाय म्हटल्यावर आम्हाला पुढे काही बोलवेना. येईल आत्ता, असं आम्हीही स्वतःला सांगितलं आणि दुकानात शिरलो. हे लपवण्यात अर्थ नाही. दुकानात आमची वीस-पंचवीस मिनिटं गेली. भाव केला, एक सूट परत ठेवला, दुसरा घेतला. परत आलो तेव्हा गाडीतून आवाज येत नव्हता. वॉचमन समाधानाने म्हणाला, "बघा, शांत झाला."

आमच्यातल्या धाकटीने काचेवर हात टेकवला आणि झटक्यात मागे घेतला. कुत्रा सीटवर आडवा पडला होता. डोळे उघडे होते, पोट लोहाराच्या भात्यासारखं हलत होतं आणि काच वाजवली तरी त्याने मान वळवली नाही. पुढच्या काचेमागे पुठ्ठ्यावर मोबाइल नंबर लिहिलेला होता. फोन लावला, वाजत राहिला. नमाजात कोण फोन घेणार? शेवटी पानाच्या दुकानावरच्या मुलाला मशिदीकडे पिटाळलं. जमात उभी होती, म्हणून तो बिचारा सलाम फिरेपर्यंत चपलांपाशी थांबला. ड्रायव्हर आला तो अनवाणी, डोक्यावर टोपी तशीच, धावत. दार उघडलं तेव्हा आतून तंदूरसारखी धग आली.

कुत्र्याला उभं राहता येत नव्हतं. त्याला सावलीत ओढून घेतलं, शेजारच्या दुकानातून पाण्याच्या बाटल्या आणल्या आणि पाय, पोट, मान भिजवत राहिलो. दुसरी ओढणीने वारा घालत होती. मग त्याच गाडीत, एसी लावून, त्याला जवळच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन दिवस सलाईनवर राहून तो वाचला, हे आम्हाला नंतर कळलं. ड्रायव्हरची नोकरी मात्र त्याच संध्याकाळी गेली.

आपल्या घरात कुत्रा नाही, मग?

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कुत्रा नसतो, मग हे सगळं आपल्या मासिकात कशाला, असं काही वाचकांना वाटेल. आमच्याही घरात एका वडीलधाऱ्यांनी तेच विचारलं. पण अंधेरी-वर्सोव्याच्या मोठमोठ्या इमारतींतल्या गाड्या चालवणाऱ्यांत आपली माणसं आहेत, त्या घरांतली कुत्री फिरवणाऱ्यांत आपली पोरं आहेत. आणि त्या उभ्या गाड्यांच्या आजूबाजूला खेळणारी मुलंही आपलीच आहेत. त्यांच्याकडे पुढे येतो.

आधी गाडीच्या आत काय होतं ते पाहू, कारण ते माहीत नसल्यामुळेच आम्ही दुकानात गेलो होतो. काचेतून ऊन आत येतं, सीट आणि डॅशबोर्ड तापतात, आणि ती उष्णता बाहेर जायला वाट नसते. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये एक अभ्यास छापला. वेगवेगळ्या १६ दिवशी त्यांनी एक गाडी उन्हात उभी करून आतलं तापमान मोजलं. बाहेर २२ अंशांपासून ३६ अंशांपर्यंत काहीही असो, तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी चढत होतं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होत होती. म्हणजे बाहेर आपल्या नेहमीच्या मुंबईच्या हवेप्रमाणे ३३ अंश असतील, तर तासाभरात आत ५५. आणि सगळ्यात महत्त्वाचं: काचा थोड्या खाली ठेवल्याने जवळजवळ काहीच फरक पडला नाही. ती बोटभर फट जनावराच्या उपयोगी पडत नाही, ती ठेवणाऱ्याच्या मनाची समजूत घालते.

सावलीतही भरवसा नाही. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी, २०१८ मध्ये छापलेल्या अभ्यासासाठी, अंगाची लाही करणाऱ्या उन्हाळ्यात उन्हातल्या आणि सावलीतल्या गाड्या शेजारी शेजारी मोजल्या. तासाभरानंतर उन्हातल्या गाडीत हवा ४७ अंशांच्या आसपास होती आणि डॅशबोर्ड ६९. सावलीतल्या गाडीतही हवा ३८ अंशांपर्यंत गेली होती. शिवाय आपल्या गल्लीतली सावली एका जागी कुठे राहते? साडेबाराला इमारतीच्या सावलीत लावलेली गाडी दीडला भर उन्हात असते. त्या दिवशी नेमकं तेच झालं होतं.

आता कुत्र्याचं. माणूस अंगभर घामेजतो आणि घाम वाळताना अंग थंड होतं. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, तोही नावापुरता. त्याचा सगळा भार धापा टाकण्यावर: जिभेवरची, घशातली ओल श्वासाबरोबर वाळते आणि रक्त थंड होतं. पण आपल्या पावसाळी, दमट हवेत दोरीवरचा कपडा वाळत नाही, तशी ही ओलही वाळत नाही. बंद गाडीत तर त्याच्याच श्वासाने हवा आणखी ओली होत जाते. तो जितक्या जोरात धापा टाकेल तितका उपयोग कमी. निरोगी कुत्र्याचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं. ते ४१ च्या पुढे गेलं की मेंदू, मूत्रपिंडं, आतडी सगळीकडे इजा सुरू होते. चपट्या नाकाच्या जाती, म्हणजे पग, बुलडॉग, शिह त्झू, यांना मुळातच श्वास पुरत नाही. ती आधी कोसळतात. पर्शियन मांजराचंही तेच, आणि ती आपल्या घरांत खूप आहेत.

म्हणून धडपडणारं जनावर गप्प झालं की निश्चिंत होऊ नये. खरी घाई तिथून असते.

उन्हाळा सरला की धोका सरला, असंही नाही. २०२५ च्याच जुलैमध्ये आग्र्याला ताजमहालाच्या पार्किंगमध्ये पर्यटकांनी गाडीत ठेवलेला कुत्रा मेला. पावसाळ्यात ढग फाकून तासभर कडक ऊन पडतं, तेवढं पुरतं. मग ऑक्टोबर हीट आहेच. सांताक्रूझच्या वेधशाळेतली ४१.७ अंशांची नोंदसुद्धा मे महिन्यातली नाही, १९५६ च्या मार्चमधली आहे.

"साहेबांना सांगायची हिंमत झाली नाही"

तो ड्रायव्हर आमच्याच बाजूचा निघाला, जोगेश्वरीचा. ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरच्यांना तो मशिदीत भेटला, तेव्हा त्याला घरी घेऊन आले. चाळिशीतला, अबोल माणूस. शीरखुर्म्याची वाटी हातात धरून बराच वेळ बसून राहिला. मग म्हणाला, "भाभी, साहेबांनी सांगितलं होतं, एसी चालू ठेव. मी ठेवला होता. वॉचमन आला, म्हणाला इमारतीखाली इंजिन चालू ठेवायचं नाही, वरचे लोक ओरडतात. मी बंद केलं. म्हटलं, काच थोडी खाली आहे, पाणी ठेवलंय. रमजानचा जुम्मा, लवकर नाही गेलं तर रस्त्यावरही जागा मिळत नाही."

साहेबांना आधी का नाही सांगितलं, की शुक्रवारी मला तासभर लागतो? यावर तो हसला. "नवीन नोकरी होती. साहेबांना सांगायची हिंमत झाली नाही."

आम्हाला या प्रकरणात सगळ्यात जास्त हेच बोचलं. कुत्र्याशी वैर कुणाचंच नव्हतं. मालकाने आपल्या मते काळजी घेतली होती, वॉचमन हुकूम पाळत होता, ड्रायव्हर फर्ज अदा करायला गेला होता. एक वाक्य बोललं गेलं नाही, एवढंच. आणि ते न बोलण्याची किंमत बोलू न शकणाऱ्या जिवाने मोजली.

आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानासाहेबांना आम्ही विचारलं. ते म्हणाले, "नमाज चालू असताना कुणाचा जीव जातोय असं कळलं, तर नमाज मोडून धावायचं असतं, मग पुन्हा पढायची. इथे तर निघण्याआधीच कळायला हवं होतं. ज्याच्या ताब्यात जनावर दिलंय, त्याच्याकडे ती अमानत आहे." आणि मग त्यांनी मालकांचंही सांगितलं: ज्याला कामावर ठेवलंय त्याला जुम्म्याची वेळ विचारून ठेवणं मालकाला जड नाही. आमच्या वाचकांतही ड्रायव्हर ठेवणारी घरं आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

कुत्र्याला हात लावण्याचा संकोच आम्हालाही होता, तो नाकारत नाही. आम्ही कोकणी, शाफई. आमच्याकडे ओल्या कुत्र्याचा स्पर्श झाला तर सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीने. हनफी घरांत लाळेपुरतं सांगतात. त्या दिवशी ओढणीला लाळ लागली, हातही भरले. घरी येऊन धुतलं, कुंडीतली माती घेतली, झालं. रोजा त्याने मोडत नाही. धुवायचं कसं हे दीनने आपल्याला शिकवून ठेवलंय, म्हणजे हात भरण्याची वेळ येणार हे गृहीतच धरलंय, असं आम्हाला वाटतं. तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. तो स्वतः आधी तहानेने व्याकूळ झाला होता, म्हणून त्याला कुत्र्याची तहान कळली. रोज्याच्या दुपारी हातात पाण्याची बाटली धरून ही हदीस आठवली, तेव्हा ती वेगळी वाटली. दुसरी हदीस मांजर कोंडणाऱ्या बाईची. तिने मांजराला मारलं नव्हतं. खायला दिलं नाही आणि सोडलंही नाही, एवढ्यावरच तिची पकड झाली.

ही मांजराची गोष्ट मे महिन्यात गावाला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. खेड, चिपळूण, रत्नागिरीकडे निघालेल्या गाड्यांत हल्ली टोपलीत मांजर असतंच. हायवेवर जेवायला उतरताना एकाने मागे थांबावं किंवा टोपली बरोबर घ्यावी. बकरी ईदच्या आधी देवनारहून बकरा गाडीच्या डिकीत किंवा मागच्या सीटवर घालून आणणारेही आम्ही पाहतो. वाटेत चहाला, नमाजला थांबतात, काचा बंद. कुर्बानीचं जनावर, ज्याला निरोगी आणि धडधाकट बघून घेतलं, ते घरी येईपर्यंत अर्धमेलं होतं.

आणि मुलं

१७ जून २०२३, शनिवार. नागपूरच्या पाचपावलीतल्या फारुखनगरात चार ते सहा वर्षांची तीन मुलं दुपारी खेळायला बाहेर पडली. घरच्यांना वाटलं मैदानावर असतील. संध्याकाळी शोधाशोध, पोलिसांत तक्रार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती सापडली, घरापासून हाकेच्या अंतरावर उभ्या असलेल्या एका मोठ्या गाडीत. तिघंही गेली होती.

२४ एप्रिल २०२४. मुंबईत अँटॉप हिलला पाच आणि सात वर्षांची दोन भावंडं खेळता खेळता एका उभ्या गाडीत शिरली, दार लागलं, आणि गुदमरून गेली. मे २०२५ मध्ये आंध्रातल्या विजयनगरमजवळच्या गावात चार मुलं अशीच.

या मुलांना कुणी कोंडलं नव्हतं. गाडी म्हणजे त्यांना खेळणं वाटलं. आपल्या दाट वस्त्यांत मैदान नसतं, गॅरेजपुढे आणि रस्त्याकडेला धूळ खात पडलेल्या गाड्या असतात, त्यांची कुलुपं मोडलेली असतात. जुन्या गाडीची दारं बाहेरून उघडतात, आतून कडी निसटलेली असते; मागच्या दाराला मुलांसाठीचं लॉक लावलेलं असेल तर ते आतून उघडतच नाही. कुत्र्याला जे होतं तेच मुलालाही होतं, आणि मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा लवकर तापतं. मूल दिसेनासं झालं तर मैदान, नातेवाईक, बाजार हे सगळं नंतर. आधी आजूबाजूच्या प्रत्येक गाडीत, डिकीसकट, डोकावा. नागपूरच्या बातमीत हे अंतर वाचून आम्ही हातातलं काम सोडून बसलो होतो. घराजवळच होती ती.

मुलांना हॉर्न दाबायला शिकवावं. गाडी बंद असली तरी बहुतेक गाड्यांचा हॉर्न वाजतो. पुढच्या सीटवर जाऊन पुढचं दार आतून कसं उघडायचं हेही एकदा त्यांच्याकडून करून घ्यावं. गल्लीत बेवारस गाडी पडून असेल तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात आणि वाहतूक पोलिसांकडे लेखी तक्रार द्यावी. गाडी उचलली जायला वेळ लागला, तर तोवर तिची दारं दोरीने का होईना, बांधून टाकावीत.

आता, अशा बंद गाडीत जीव दिसला तर करायचं काय. आमच्यासारखं खरेदीला जायचं नाही, हे पहिलं. काचेमागे नंबर असेल तर फोन, आणि त्याच वेळी दुसऱ्याने वॉचमनला किंवा दुकानदाराला पळवायचं. मशिदीत, मॉलमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये लाउडस्पीकरवरून गाडीचा नंबर पुकारता येतो. मशिदीच्या विश्वस्तांनी खुत्ब्याआधी अशी घोषणा करायची सोय ठेवली तर फार बरं. मालक मिळेना, तर ११२ ला फोन करून गाडी नेमकी कुठे उभी आहे ते सांगायचं आणि तिथेच थांबायचं. आत मूल असेल तर काच फोडायला कुणाची परवानगी नको. जनावर असेल आणि ते मान टाकत असेल, तर दोन माणसं साक्षीला घ्यावी, मोबाइलवर चित्रण करावं, पोलिसांना सांगावं, आणि त्याच्यापासून लांबची, कडेची काच फोडावी. मोठं संकट टाळण्यासाठी सद्भावनेने केलेल्या नुकसानीला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९ मध्ये आधार आहे. तरी साक्षीदार असलेले बरे. आपल्या माणसांनी तर जास्तच काळजी घ्यावी, हे आम्ही वेगळं सांगायला नको.

बाहेर काढल्यावर सावली, साधं गार पाणी आणि वारा. पाणी पोटाला, मांड्यांच्या आतल्या बाजूला, पंजांना लावत राहायचं. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवायचा नाही, तो थोड्या वेळात तापतो आणि धग आत धरून ठेवतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. आधी थंड करायचं, मग डॉक्टरकडे, आणि तरतरीत दिसला तरी डॉक्टरकडे, कारण आतली इजा दुसऱ्या दिवशी वर येते.

कायदा काय म्हणतो? १९६० चा प्राण्यांशी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. जनावराला यातना होतील असं कोंडून ठेवणं हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. साठ सालचा आकडा. तेवढ्यात आज अंधेरी स्टेशनबाहेर धड नाश्ता होत नाही. मुंबईत प्राण्यांशी क्रूरता रोखणारी संस्था १८७४ सालापासून आहे आणि परळचं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय १८८३ पासून. म्हणजे या शहराला ही काळजी नवी नाही, पण दहा रुपयांच्या धाकाने कुणी गाडीकडे परत येणार नाही. न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये जनावर मारल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद आहे खरी, पण ती जाणूनबुजून केल्याचं सिद्ध झालं तर. विसरणाऱ्याला आणि "पाच मिनिटांत येतो" म्हणणाऱ्याला ती कशी लागणार?

त्या ड्रायव्हरला दोन महिने काम नव्हतं. आता तो शाळेची व्हॅन चालवतो. मुलांना सोडून आला की शेवटच्या सीटपर्यंत चालत जातो, सीटखाली वाकून बघतो, मगच दार लावतो. मधल्या मुख्याध्यापिकांना त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की शुक्रवारी साडेबारा ते दोन व्हॅन माझ्याकडे नाही. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत, वेळापत्रकात लिहून ठेवते."